पोत्याचा टाका

पोतं काय, कोणीही शिवतं. दाभणात सुतळी ओवली, तोंड दुमडलं आणि ओढले चार टाके, की झालं. पण यादोरावानं शिवलेलं पोतं लाखांदूरच्या राईस मिलमधल्या थप्पीत दहा हातांवरून ओळखू यायचं. दोन्ही कोपऱ्यांना उभे कान आणि मधल्या प्रत्येक टाक्याला एक उलटा फास. पोतं गाडीवरून पडलं तर ताग फाटेल, पण यादोरावाची शिवण काही उसवायची नाही. हमाल त्याला चिडवायचे, की या माणसानं पहिली शिवण स्वतःच्याच तोंडाला घातली असणार. ते अगदीच खोटं नव्हतं. दिवसभरात तो दहा वाक्यं बोलला तर त्यातली सहा बैलांशी असायची.

दिघोरीला त्याची दोन एकर धानाची जमीन होती. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या पुढंमागं कापणी, आणि धान घरात आलं की होळीपर्यंत मिलमध्ये पोती शिवणं, असं त्याचं वर्ष जायचं. बायको, रुखमा, काविळीनं गेली तेव्हा एकुलती एक लेक तुळसा बारा वर्षांची होती. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगून पाहिलं. यादोरावानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पोरीच्या वेण्या घालायला शिकला. वेण्याही अशा घट्ट, की पोरीला दोन दिवस भुवया खाली आणता येत नसत.

भुरी ही तुळसाची कोंबडी. तुळसाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी एका खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. वीज कडाडली की अंडी नासतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला होता. वीज चुकली, पण घार चुकली नाही. दहा पिल्लं निघाली आणि आठ दिवसांत एक उरलं. ते तुळसानं ओच्यात घेऊन वाढवलं. राखेच्या रंगाचं ते पाखरू पुढं चुलीपाशी तिच्या पायाशी बसू लागलं आणि ती तलावाच्या पाळीवर धुणं धुवायला गेली की कुत्र्यासारखं मागं जाऊ लागलं.

शहात्तर साली उन्हाळ्यात तुळसाचं लग्न झालं. साकोलीपासून दोन कोसांवर एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, भय्याजी म्हणून शेतकरी होते, त्यांचा मुलगा टेकचंद जावई झाला. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलगा निमूट होता, कारण बापाचा आवाजच घरात पुरेसा होता.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं लेक दिली की बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. जेवण तर दूरच. जुनी माणसं तिच्या गावच्या विहिरीचंही पाणी घशाखाली उतरू देत नाहीत. लेकीला मूल झालं, बापानं नातवाचं तोंड पाहिलं, की मग ते बंधन सुटतं. त्यामुळं बाप लेकीकडं गेला तरी उन्हात ताटकळून परत येतो. लेकीनंच माहेरी यावं आणि बापानं वाट पाहावी, हेच खरं. आणि लेकी येतात त्या मंडईला. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, आणि घराघरांत पाहुणे येतात. त्या दिवशी पाहुण्याच्या ताटात कोंबडी नसली तर घरधन्यानं वर्षभर मान वर करू नये.

सत्त्याहत्तरच्या मंडईला भय्याजी स्वतः सुनेला घेऊन आले. निरोप नाही, चिठ्ठी नाही. यादोराव कोंबडीसाठी गावभर हिंडला, पण मंडईच्या दुपारी कोंबडी मिळणार कुठून? जी होती ती कोणाच्या ना कोणाच्या चुलीवर चढलेली. घरच्या अंगणात मात्र एक होती.

"काप, बा," तुळसा म्हणाली. सासऱ्याचा स्वभाव तिनं दीड वर्ष पाहिला होता. पण म्हणताना तिनं तोंड चुलीकडं फिरवलं आणि आवाज निघाला तो आई गेली त्या दिवशीचा. यादोरावानं हातातला विळा परत छपरात खोचला.

भय्याजींच्या ताटात वांग्याची भाजी आली. तेही कदाचित निभावलं असतं. पण भुरीला कुठली अक्कल, ती ताटापाशी येऊन सांडलेली शितं टिपू लागली. भय्याजींनी एकदा कोंबडीकडं पाहिलं, एकदा वांग्याकडं.

"वा, इवाई. कोंबडी जेवून राहिली अन् पाहुना वांगे खाऊन राहिला. चांगला मान केला."

इवाई म्हणजे व्याही. तो शब्द इतक्या थंडपणे उच्चारलेला यादोरावानं आधी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं भय्याजी सुनेला घेऊन परत गेले, आणि त्यानंतर त्यांनी तिला माहेरी धाडलंच नाही.

अडीच वर्षं गेली. मधे एकदा यादोराव मन घट्ट करून टोल्यावर जाऊन आला. भय्याजींनी त्याला बाजेवर बसवलं, धानाचं विचारलं, पावसाचं विचारलं. लेकीचा विषय त्यानं काढला की ते बैलांचा काढायचे. दाराआडून बांगड्या भरलेला हात सुपारीचं तबक ठेवून गेला. बापाला लेकीचा हात तेवढा दिसला. मंडई आली की तो सकाळपासून फाट्यावर जाऊन उभा राहायचा. एस.टी. थांबायची, गावच्या लेकी गाठोडी आणि कडेवरची पोरं सांभाळत उतरायच्या, कोणाचा भाऊ पुढं व्हायचा, कोणाचा बाप. गाडी धूळ उडवत निघून गेली की यादोराव पुढच्या गाडीची वाट पाहायचा. शेवटची गाडी गेली की घरी येऊन भुरीला कणी टाकायचा आणि तिच्याशी बोलायचा. माणसांना न मिळालेली वाक्यं त्या कोंबडीला मिळाली.

गावानं निकाल केव्हाच लावून टाकला होता. कोंबडी ठेवली आणि पोरगी गमावली. शेजारची पार्वताबाई तर तोंडावर म्हणायची, कारण तिला पाठीमागं बोलायचा कंटाळा होता.

ऐंशी सालच्या फाल्गुनात एका संध्याकाळी यादोराव मिलमधून परतला तेव्हा अंगणात पिसंच पिसं होती. पार्वताबाई हातात सरपणाची फाटी घेऊन उभी होती.

"रानमांजर होतं, यादोभाऊ. पाळीकडून आलं. मी आरडलो तं टाकून पळालं. पन काई उरलं नाई तिच्यात."

भुरी सरपणाच्या ढिगाखाली शिरली होती. यादोरावानं तिला बाहेर काढलं. एका पंखाखालची कातडी पोत्याचं तोंड उघडावं तशी मांडीपर्यंत उघडली होती, एक पाय लोंबत होता, आणि डोळा मात्र उघडा होता.

"जीव आहे तवरक काप अन् खाऊन घे," पार्वताबाई म्हणाली. "सकाळी मरन, तं फेकाव लागन."

सांगणं रीतसर होतं. गावात कोणीही हेच केलं असतं. यादोरावानं घरात जाऊन चूल पेटवली आणि कडुलिंबाचा पाला टाकून पाणी उकळत ठेवलं. मग तुळसाची लग्नाआधीची शिवणाची डबी काढली. त्यात एक बारीक सुई होती आणि तिनं उशीच्या अभ्र्यावर फुलं काढून उरलेला लाल दोरा होता. पार्वताबाई दारातून बघत राहिली आणि शेवटी बडबडत आत येऊन कंदील धरून बसली. कोंबडीचे पाय धरायला दुसरं माणूस लागतंच.

दाभणाची सवय असलेल्या हातांना ती सुई सापडेना. पहिले दोन टाके वाकडे गेले. मग हातांनी आपलं काम ओळखलं. टाका, उलटा फास, ओढ. टाका, उलटा फास, ओढ. बारा टाके पडले. शेवटाला सवयीनं त्यानं दोऱ्याचा कानही काढला.

"पोतं शिवतं का रे बाप्पा," पार्वताबाई म्हणाली, पण कंदील तिनं हलू दिला नाही.

हळद आणि टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, कालवून वरून लावलं. मोडक्या पायाला बांबूच्या दोन कामट्या बांधल्या. रुखमाचं जुनं लुगडं टोपलीत अंथरलं आणि टोपली स्वतःच्या बाजेखाली ठेवली.

चौथ्या दिवशी जखमेला वास आला. माशी बसली होती, आत अळ्या वळवळत होत्या. यादोरावानं बाभळीच्या काट्यानं एकेक अळी वेचली आणि कमरेच्या पिशवीतला तंबाखू भिजवून त्याच्या पाण्यानं जखम धुतली. पुढं आठ दिवस तंबाखू भुरीला आणि यादोराव कोरडा. सकाळी मिलला जायच्या आधी तो वारूळ उकरून डबाभर उधई, म्हणजे वाळवी, आणायचा आणि एकेक चोचीत द्यायचा. भाताच्या पेजेत बोट बुडवून थेंब थेंब पाजायचा. मिलमध्ये हमालांना चघळायला विषय मिळाला, यादोरावच्या घरी बाळंतीण आहे म्हणे, शेकशेगडी चालू आहे. तो पोती शिवत राहायचा. घरी आल्यावर टोपलीपुढं बसून मात्र म्हणायचा, "तू गेली तं मी तिले काय सांगू?" कारण त्याच्या मनात अजून एक होतं, की तुळसा कधीतरी येईल, आणि उंबऱ्यात पाय टाकताच पहिलं विचारील, भुरी कुठं आहे.

चैत्र संपता संपता भुरी उभी राहिली. चालायची ती लंगडत. एक पंख कायमचा लोंबला. टाक्यांवरून पिसं फुटली, पण लाल दोरा तसाच राहिला. टाके काढायचे असतात हे यादोरावाला ठाऊकच नव्हतं. पोत्याचे टाके कोणी काढून ठेवतं का?

आणि भुरी अंगणात लंगडत फिरायला लागली त्या दिवसापासून यादोरावाचं मन फिरलं. ती मरत होती तोवर तिला जगवणं एवढंच डोळ्यांपुढं होतं. ती जगली, तेव्हा त्याला दिसलं की कोंबडी जगली तरी अंगणात पोरगी नाहीच. त्याला भुरी नको होती, तुळसा हवी होती. तीन रात्री त्यानं विचार केला आणि चौथ्या दिवशी सकाळी भुरीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं.

"कुठं नेऊन राहिला?" पार्वताबाईनं विचारलं.

"इवायाकडं. तवा कापली नाई, आता त्याच्याच हातानं कापू दे. राग तं जाईन."

पार्वताबाईच्या तोंडात काहीतरी आलं होतं. पण इतक्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा आपणहून दोन वाक्यं बोलला होता. तिनं ते गिळलं.

लाखांदूरहून साकोलीला जाणारी एस.टी. फाट्यावर थांबली. कंडक्टरनं टोपलीतली मान पाहून कोंबडीचंही अर्धं तिकीट लागेल म्हणून गंमत केली, आणि यादोराव खरंच कनवटीला हात घालू लागला तेव्हा बिचारा ओशाळला. वाटेत भुरी गप्प होती. यादोरावाचा हात फडक्याखाली तिच्या पंखाशी होता, बोटांना टाके लागत होते. मधे एकदा त्याला उतरून परत जावंसं वाटलं. साकोलीच्या स्टँडवर त्यानं पाणी प्यायला हवं होतं, पण ते सुचलं नाही. मग वैशाखाच्या उन्हात दोन कोस पायी.

भय्याजी ओसरीवर बाजेवर बसले होते. यादोरावानं टोपली त्यांच्यापुढं ठेवली आणि वाटभर पाठ केलेलं बोलून टाकलं.

"इवाई, तवा कापली नाई, चुकलो. आता तुमच्या दारी आनली. तुमच्या हातानं कापा अन् राग सोडा."

भय्याजींनी फडकं सोडलं. कोंबडी उचलली, वजन पाहिलं, सवयीनं पिसांत फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि लाल दोरा दिसला.

"हे काय?"

"रानमांजरानं धरली होती. फागुनात."

भय्याजींनी कोंबडी खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले. "म्हंजे रानमांजराचं उष्टं मले खाऊ घालाले आनलं."

जनावरानं तोंड लावलेलं पाखरू देवाला चालत नाही आणि पाहुण्याला चालत नाही, हे दिघोरीतलं शेंबडं पोरही सांगेल. पार्वताबाईनं गिळलं होतं ते हेच. दोन महिने ज्याच्या बोटांखाली ते टाके होते त्याला मात्र ती उष्टी कोंबडी कधी दिसलीच नव्हती. त्याला ती तुळसाची कोंबडी दिसत होती. पहिला अपमान धुवायला आला होता आणि दुसरा टोपलीत घालून घेऊन आला होता.

आता हरण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, यादोरावाच्या तोंडाची शिवण उसवली.

"मले सुचलंच नाई, इवाई. कसं सुचावं? पोरीची आई गेली, मंग पोरगी तुमच्याकडं आली. तिचा हात लागलेलं जितं म्हनून त्या घरात येवढंच उरलं. म्हनून मंडईले कापवली नाई. म्हनूनच फागुनात मरू देल्ली नाई. आज कापाले आनली, कावून का पोरीहून कोंबडी मोठी नाई. मले माही पोरगी पाहाची आहे. दुसरं काई नाई."

भय्याजी अंगणातल्या कडुलिंबाकडं पाहत होते. मग त्यांनी पुन्हा भुरीला उचललं, पंख वर केला आणि टाक्यावर नख ओढून पाहिलं. एक, दोन, तीन. फास हलला नाही.

"कोनं शिवली?"

"मीच. मी पोते शिवतो नं."

"कानई काढला."

"सवय आहे."

भय्याजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. राग होता की हसू, हे यादोरावाला उन्हानं आणि तहानेनं कळेना. "हिले राहू द्या इथंच," भुरीला बाजेवर ठेवत ते म्हणाले. "उष्टी आहे, आता हिले कोनी कापत नाई." आणि आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, बापाले पानी आन."

तुळसा बाहेर आली. पदर डोक्यावर, हातात पाण्यानं भरलेला पितळी लोटा. अडीच वर्षांत ती भरली होती की वाळली होती हे यादोरावाला सांगता आलं नसतं, कारण त्याला सगळं पाण्यातून दिसत होतं. तिनं बापाकडं पाहिलं, मग बाजेवरच्या भुरीकडं. भुरीनं मान तिरकी केली आणि लंगडत बाजेच्या काठाशी आली. तुळसानं एक बोट तिच्या पंखाखाली फिरवलं, ते टाक्यांवर थांबलं, आणि तिचे ओठ हलले. बापाची शिवण तिच्याहून चांगली कोण ओळखणार, लहानपणी वेण्यांत डोक्यावर वागवलेली.

लोटा यादोरावाच्या हातात आला. रांजणातलं पाणी, लोट्याला बाहेरून दव सुटलेलं. घशात काटे उभे होते. त्यानं लोटा तिरका करून सगळं पाणी पायांवर ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. पाय तृप्त झाले. घसा कोरडाच राहिला.

रिकामा लोटा घ्यायला तुळसा खाली वाकली. वाकताना तिनं एक हात जमिनीला टेकला आणि हळूच म्हणाली, "पुढच्या बारीले येशीन नं बा, तं पानी पेजो."

भय्याजींनी ऐकलं असणारच. ते कडुलिंबाकडं पाहत राहिले. "सुनेचं काय ते, निरोप धाडीन," एवढंच बोलले.

यादोराव रिकामी टोपली घेऊन निघाला. काखेत टोपली इतकी हलकी लागत होती की त्याला रडू आलं, आणि रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून त्यानं येऊ दिलं. कोंबडीही गेली, पोरगीही राहिली. निरोप धाडीन म्हणणारे काय, अडीच वर्षं झाली, धाडतच होते.

टोल्याच्या शिवेवर हातपंप होता. त्यानं टोपली खाली ठेवली. लेकीच्या गावचं पाणी, हे माहीत होतं, पण बघायला कोण होतं? त्यानं दांडा हाणला. दोनदा कोरडा वाजला, तिसऱ्यांदा धार आली. धारेखाली ओंजळ धरली आणि तो तसाच थांबला.

पुढच्या बारीले पानी पेजो.

तुळसा उगाच समजूत घालणारी पोर नव्हती. बारा वर्षांची होती तेव्हापासून सगळ्या रीती तिच्या हातून झाल्या होत्या. लेकीच्या घरचं पाणी बाप कधी पितो, हे तिला यादोरावाइतकंच ठाऊक होतं. आणि वाकताना तिनं जमिनीला हात टेकला होता. अशी जपून ती आधी कधी वाकत नसे.

ओंजळीतून पाणी गळून गेलं. यादोराव ओल्या बोटांवर महिने मोजायला लागला. तीन गेले असतील. वैशाख, जेठ, आखाड, असं मोजत तो कार्तिकावर पोचला, आणि कार्तिकात मंडई असते. लेकीचं पहिलं बाळंतपण बापाच्याच घरी व्हायचं, ती रीत पाण्याच्या रीतीइतकीच जुनी. ती मोडायची छाती भय्याजींचीही नव्हती. औंदा फाट्यावर उभं राहायचं नव्हतं. तुळसा घरातच असणार होती, रुखमाच्या चुलीपाशी, शेकशेगडीला खरी बाळंतीण. गिरणीतल्या हमालांच्या तोंडात साखर पडो.

आणि मग ती बाळाला घेऊन सासरी जाईल, आणि मग तो इथं येईल.

पंपाची धार बारीक होत थांबली. घसा कोरडा होता, साकोली दोन कोस होती, आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन होतं. पुन्हा दांडा हाणायला त्याचा हात गेला आणि मागं आला. चार वर्षं पाळलेली तहान आता शेवटाला येऊन या पंपावर कशाला मोडायची? त्यानं उपरणं तोंडाला गुंडाळलं, टोपली डोक्यावर पालथी घातली आणि चालायला लागला. या गावचं पहिलं पाणी त्याला तुळसाच्या हातचंच प्यायचं होतं.